वही, मॅनेजर की दर तीन महिन्यांनी बदल? पासवर्डचं नेमकं काय करायचं

काकू, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही इंदूरला रामबागेत राहता, महिला मंडळाचा हिशेब आणि मंडळाचं ई-मेल तुमच्याकडे आहे. तुमच्या एका मैत्रिणीच्या ई-मेलमध्ये कोणीतरी शिरलं आणि तिच्या नावाने ओळखीच्या लोकांकडे पैसे मागितले, तेव्हापासून तुम्ही धास्तावल्या आहात. तुमची खाती पंधराएक आहेत, पासवर्ड मुळात एकच, शेवटचा आकडा तेवढा ठिकठिकाणी वेगळा. मुलगा म्हणतो पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड बनवून जपून ठेवणारा प्रोग्राम) घे, काका म्हणतात वहीत लिहून ठेव, बँक म्हणते दर तीन महिन्यांनी बदला. यातलं कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

मुलगा बरोबर आहे आणि काकाही बरोबर आहेत. बँकेचा नियम जुना झालाय, पण बँक अडवते म्हणून तो पाळावा लागेल. मात्र तिघांनीही न सांगितलेली एक गोष्ट या सगळ्याच्या आधी येते: कुठलाही पासवर्ड दोन ठिकाणी वापरायचा नाही. मी या शहरात बरीच वर्षं लहान ऑफिसांचे, सीएंचे आणि संस्थांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. माझ्याकडे आलेल्या चोऱ्यांमध्ये कोणी बसून तुमचा पासवर्ड डोक्याने शोधून काढलाय असं क्वचितच दिसतं. तो आधीच कुठूनतरी फुटलेला असतो आणि दुसऱ्या दारावर चालून जातो.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्या, कारण एकदा ते कळलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. तुम्ही कधीतरी साड्यांच्या एखाद्या साइटवर किंवा वधूवर सूचक साइटवर खातं काढलं. ई-मेल दिला आणि नेहमीचाच पासवर्ड टाकला. त्या साइटची सुरक्षा ढिली होती. चार वर्षांनी तिथली सगळी यादी कोणीतरी उचलली. चोराला तुमच्या साड्यांमध्ये काही रस नाही. तो ई-मेल आणि पासवर्डच्या त्या जोड्या जीमेल, फेसबुक, खरेदीच्या साइट्स अशा सगळीकडे आपोआप लावून पाहणारा प्रोग्राम चालवतो. ज्यांनी तोच पासवर्ड परत वापरलाय त्यांची दारं उघडतात. तुमच्या मैत्रिणीचं असंच झालं असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

अशा याद्या किती मोठ्या असतात? 2009 मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे 3 कोटी 20 लाख पासवर्ड बाहेर आले, तेही साध्या अक्षरांत, जसेच्या तसे. त्यात सर्वांत जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड होता 123456. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हातात पहिलं अवजार म्हणून असते. 2013 मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची सुमारे 15 कोटी 30 लाख खात्यांची नोंद फुटली. तिथे पासवर्ड कुलूपबंद होते, पण लोकांनी स्वतःसाठी लिहिलेल्या खुणा उघड्या होत्या. 'मुलीचं नाव', 'नेहमीचाच' अशा खुणा शेजारी असल्यावर कुलुपाचा काय उपयोग?

तुमचा ई-मेल अशा एखाद्या फुटलेल्या यादीत आहे का, हे पाहता येतं. 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केली. तिथे ई-मेल टाकला की तो कुठल्या ज्ञात चोरीत सापडला ते दिसतं. मुलाला शेजारी बसवून हे एकदा करा. बरीच वर्षं वापरात असलेला ई-मेल यादीत निघाला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की त्या साइटवर जो पासवर्ड होता तो जगजाहीर झाला, आणि तो जिथे जिथे वापरलाय तिथून आजच काढायचा.

आता 'शेवटचा आकडा वेगळा आहे' याबद्दल. तेवढ्याने काही होत नाही. फोडणारे प्रोग्राम मूळ शब्द घेऊन त्याच्यामागे 1, 2, 123, जन्मसाल, @ हे सगळं स्वतःच लावून बघतात. शिवाय यादीत आपले शब्दही असतात. देवादिकांची नावं, मुलांची नावं, गावांची नावं आपण रोमन लिपीत पासवर्ड म्हणून ठेवतो, ती फुटतात आणि पुढच्या यादीत जाऊन बसतात. इंदूरच्या माणसाचा पासवर्ड अंदाजाने काढायचा तर मी स्वतः कुठून सुरुवात करीन? अहिल्या, राजवाडा, खजराना, 452001, 0731, आणि गाडीचा नंबर. गाडीच्या नंबराचा हिशेब करून दाखवतो. एमपी 09, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. दहा अक्षरांचा, मोठी अक्षरं आणि आकडे असलेला पासवर्ड, दिसायला भक्कम. पण सुरुवात ठरलेलीच आहे. उरलेल्या शक्यता 26 गुणिले 26 गुणिले 10,000, म्हणजे 67 लाख 60 हजार. चांगलं ग्राफिक कार्ड असलेला एकच कॉम्प्युटर जुन्या पद्धतीने साठवलेले पासवर्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून जास्त वेगाने तपासतो. पापणी लवायच्या आत तुमची स्कूटर सापडेल.

याच वेगाने बाकीचं मोजा. आठ अक्षरं, सगळी छोटी, कुठलाही अर्थ नसलेली: दोन सेकंद. आठ अक्षरं, त्यात मोठी, छोटी, आकडे, चिन्हं सगळं मिसळलेलं: अठरा-एकोणीस तास. बारा छोटी अक्षरं: अकरा दिवस. सोळा छोटी अक्षरं: तेरा हजारांहून जास्त वर्षं. म्हणजे चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबीने जास्त काम होतं. अर्थात ही सोळा अक्षरं खरोखर कशीही निवडलेली हवीत. नातवाचं पूर्ण नाव आडनावासकट लिहिलं तर हा हिशेब लागू नाही.

इथे एक खुलासा करतो. चांगल्या साइट्स तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत. गणिती प्रक्रियेने त्याचं असं रूप करतात की त्यातून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. त्याला हॅश म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 मध्ये यावर लेख लिहिला. त्यांनी लोकांचे 3,289 पासवर्ड गोळा करून पाहिले, त्यातले 2,831 फारच आखूड किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. इतक्या वर्षांत माणसाचा स्वभाव काही फारसा बदललेला नाही. हॅशसुद्धा मुद्दाम सावकाश चालणाऱ्या पद्धतीने केला तर फोडणाऱ्याचा वेग लाखो पटींनी खाली येतो. पण कुठली साइट काय करते हे आपल्याला बाहेरून कळत नाही, म्हणून सर्वांत ढिल्या साइटचा हिशेब धरूनच चालायचं.

त्याहून मला जास्त काळजी वाटते ती 'पासवर्ड विसरलात?' या दाराची. तिथे अजूनही काही साइट्स विचारतात: आईचं माहेरचं आडनाव काय? जन्म कुठे झाला? काकू, आपल्या मराठी घरांत ही माहिती गुपित असते का? लग्नासाठी जो बायोडाटा फिरतो त्यात जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, वडिलांचं नाव, मामांचं आडनाव आणि गाव, सगळं एका पानावर असतं. तो बायोडाटा व्हॉट्सॲपवर इंदूरहून पुण्याला, पुण्याहून नागपूरला, कुठे कुठे जातो. मुलीचं लग्न ठरलं तरी तो लोकांच्या फोनमध्ये राहतोच. मामांचं आडनाव म्हणजेच आईचं माहेरचं आडनाव. म्हणून अशा प्रश्नांना खरं उत्तर द्यायचंच नाही. माहेरचं आडनाव विचारलं तर 'हिरवा डबा सतरा' असं काहीतरी बिनसंबंधाचं लिहा आणि ते उत्तर पासवर्डासारखंच जपून ठेवा. साइटला खरेखोटेपणा तपासायचा नसतो, तुम्ही आधी दिलेलंच उत्तर परत देताय का एवढंच ती बघते. सरकारी आणि बँकेच्या अर्जात मात्र खरीच माहिती भरायची, हे सांगायला नकोच.

असाच घोळ पीडीएफच्या पासवर्डाने होतो. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल, हे सगळ्यांना माहीत आहे. तो फक्त वाट चुकलेल्या फाइलसाठीचा आडपडदा आहे. पण लोक त्याच साच्यावर स्वतःचे पासवर्ड बनवतात, 'सरकारच असं ठेवतं तर ते चांगलंच असणार' म्हणून. तुम्ही तसं केलं असेल तर ते सर्वांत आधी बदला.

आता चांगला पासवर्ड कसा बनवायचा. तुम्हाला डोक्यात ठेवायचे पासवर्ड फक्त दोन-तीन लागतील: ई-मेलचा, पासवर्ड मॅनेजरचा, आणि कॉम्प्युटर असेल तर त्याचा. बाकीचे लक्षात ठेवायचेच नाहीत. या दोन-तीनांसाठी शब्दमाळेची पद्धत उत्तम. 1995 मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर नावाने ती मांडली: पाच वेळा फासा टाकायचा, येणाऱ्या पाच आकड्यांसमोरचा शब्द यादीतून घ्यायचा. यादीत 7,776 शब्द असतात, कारण सहाचा पाचवा घात तेवढा होतो. असे पाच-सहा शब्द घेतले की झालं. फासा यासाठी की माणूस 'कुठलेही' शब्द निवडायला बसला की नेमके आवडते शब्द निवडतो.

ती यादी इंग्रजी आहे. मराठीत करायचं तर घरातलं जाडजूड पुस्तक घ्या, शब्दकोश असेल तर फारच छान. डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, बोटाखालचा शब्द घ्या. आवडला नाही म्हणून परत उघडायचं नाही, ही अट महत्त्वाची. असे सहा शब्द काढा. समजा निघाले: पाटा, तहान, मुंगी, कोयता, उधार, खिडकी. हे तुमच्या मनात चित्र होऊन बसतात. दोन दिवस रोज टाइप केलं की बोटांना सवय होते. (हेच सहा वापरू नका, ते आता सगळ्यांसमोर आहेत.) शब्द रोमन अक्षरांत, सगळे छोटे, मध्ये एकेक टिंब. साइट मोठं अक्षर आणि आकडा मागत असेल तर एखादं अक्षर मोठं करा, शेवटी एक आकडा लावा आणि विषय संपवा. स्पेलिंग मात्र पहिल्या दिवशीच ठरवून कागदावर लिहा. कोयता रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतो, आणि आठवड्याने नेमकं कसं लिहिलं होतं हेच आठवत नाही.

आरतीची ओळ, अभंग, प्रसिद्ध गाणं, म्हण यातलं काहीही नको. शब्दांची पहिली पहिली अक्षरं घेतली तरी नको. जे लाखो लोकांना पाठ आहे ते यादीत घालणं अवघड नसतं.

मग थेट देवनागरीतच का टाइप करू नये, असं तुमच्या मनात येईल. मलाही ते आवडलं असतं. पण बऱ्याच साइट्स ते घेतच नाहीत, आणि घेतलं तरी एक खोच आहे. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिता येतो: एकात वेगळा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. घरच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरतो, फोनचा कदाचित दुसरी. पासवर्डाच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात. तुम्ही शपथेवर बरोबर टाइप कराल आणि साइट तुम्हाला चूक ठरवेल. म्हणून शब्द मराठी, लिपी रोमन.

बँकेचा तीन महिन्यांचा नियम कुठून आला तेही सांगतो. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2003 मध्ये पासवर्डाचे निकष काढले, त्याचं परिशिष्ट बिल बर यांनी लिहिलं: चिन्हं घाला, आकडे घाला, ठरावीक काळाने बदला. जगभरच्या संस्थांनी ते उचललं. 2010 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्याच जुन्या खात्यांवर तपासून पाहिलं: आधीचा पासवर्ड माहीत असेल तर 41 टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड तीन सेकंदांत निघाला. कारण सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा 1 काढून 2 करतो. 2017 मध्ये निस्टने मुदतीने बदलण्याची आणि चिन्हांची सक्ती सोडली. त्याच वर्षी बर यांनीही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. तेव्हा बँक विचारेल तेव्हा बदला, पण प्रत्येक वेळी पासवर्ड मॅनेजरकडून पूर्ण नवा बनवून घ्या. इतर खात्यांचे, फुटल्याचा संशय नसेल तर, वर्षानुवर्षं तसेच राहू द्या. बँकेची साइट लांबीला मर्यादा घालते म्हणूनही नाराज होऊ नका. तिथे काही चुकीचे प्रयत्न झाले की खातं बंद होतं, त्यामुळे सेकंदाला कोट्यवधींचा खेळ तिथे दारातून चालत नाही. चार आकडी एटीएम पिन टिकतो तो याच कारणाने.

आता मुलगा आणि काका. पासवर्ड मॅनेजर म्हणजे कुलूपबंद तिजोरीसारखा प्रोग्राम. प्रत्येक साइटसाठी तो वेगळा, लांबलचक, अर्थहीन पासवर्ड बनवतो, साठवतो आणि भरूनही देतो. तुम्हाला एकच मुख्य पासवर्ड लागतो. त्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा फारसा कोणी सांगत नाही: तो साइटचा पत्ता जुळला तरच पासवर्ड भरतो. बँकेसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट तुम्हाला फसवेल, त्याला फसवणं कठीण. तो पासवर्ड भरायला तयार नसेल तर तिथेच हात थांबवा आणि पत्ता वाचा. बिटवॉर्डन फुकटात पुरेसा आहे आणि फोन-कॉम्प्युटर दोन्हीवर चालतो. इंटरनेटवर काही ठेवायचंच नसेल तर कीपासएक्ससी आहे, त्याची फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. मग तिची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवणं ही तुमची जबाबदारी. फोन अँड्रॉइड असेल तर गूगलचा आणि आयफोन असेल तर ॲपलचा स्वतःचा मॅनेजर असतोच. तुमच्या खात्यांना तोही चालेल. काहीच न वापरण्यापेक्षा तो कितीतरी चांगला.

'सगळं एका ठिकाणी ठेवलं आणि तेच चोरीला गेलं तर?' ही काकांची शंका रास्त आहे. तसं घडलेलंही आहे. 2022 मध्ये लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, साइटचे पत्ते मात्र उघडे होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि दुसरीकडे न वापरलेला होता त्यांची तिजोरी फोडणं अशक्यप्राय. ज्यांचा कच्चा होता, त्यांना सगळीकडचे पासवर्ड बदलत बसावं लागलं. म्हणून मुख्य पासवर्ड सहा शब्दांचा.

आणि वही? वहीला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. परदेशात बसलेला चोर रामबागेतल्या कपाटात हात घालू शकत नाही. घरात तुमच्या विश्वासाची माणसं असतील तर वही सुरक्षित आहे. वहीची अडचण वेगळी: ती पत्ता जुळवून बघत नाही, आणि हाताने टाइप करायचं म्हणून माणूस पासवर्ड आखूड ठेवतो. वहीच वापरायची तर ती घरात कुलपात ठेवा, पर्समधून नेऊ नका, मुखपृष्ठावर 'पासवर्ड' लिहू नका. ई-मेलच्या शब्दमाळेतला एक शब्द वहीत लिहूच नका, तो डोक्यात ठेवा. कागदाचे फोटो मात्र अजिबात काढायचे नाहीत. लोक वहीच्या पानाचा फोटो गॅलरीत ठेवतात, स्वतःलाच व्हॉट्सॲप करतात, कॉन्टॅक्टमध्ये बँकेच्या नावाखाली फोन नंबर म्हणून पिन लिहितात. फोनमधल्या कितीतरी ॲप्सना फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायची परवानगी आपणच दिलेली असते.

माझं मत विचाराल तर पंधरा खात्यांसाठी मॅनेजर घ्या, आणि मॅनेजरचा मुख्य पासवर्ड काकांच्या वहीत.

पासवर्ड बदलायची सुरुवात ई-मेलपासून करा, बँकेपासून नको. कारण बाकी सगळीकडे 'पासवर्ड विसरलात' म्हटलं की पत्र ई-मेलवरच येतं. ई-मेल ज्याच्या हातात त्याच्या हातात बाकीचं. ई-मेलला दुहेरी पडताळणी लावा: पासवर्डानंतर फोनवरच्या ॲपमध्ये दिसणारा सहा आकडी कोड, जो दर 30 सेकंदांनी बदलतो. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीपेक्षा हा बरा, कारण एसएमएस तुमच्या सिमवर अवलंबून असतो आणि कोणी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं की ओटीपी त्याच्याकडे जातो. फोनचं नेटवर्क अचानक तासन्‌तास गेलं, शेजारच्यांचं चालू आहे, असं झालं तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला विचारा. जुना नंबर सोडला असेल तर तो बँकेत, आधारला, ई-मेलला कुठे शिल्लक नाही ना ते पाहा. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. दुहेरी पडताळणी लावताना गूगल 10 बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर घेऊन वहीत चिकटवा. फोन हरवला की तेच उपयोगी पडतात.

साइट 'पासकी' देऊ करत असेल तर खुशाल घ्या. 2022 मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तिला पाठिंबा जाहीर केला. त्यात टाइप करायचा शब्दच नसतो. तुमच्या फोनमधली किल्ली त्याच साइटपुरती चालते, आणि तुम्ही बोट ठेवून किंवा फोनचा पिन देऊन ती वापरता. खोट्या साइटला द्यायला तुमच्याजवळ काही उरतच नाही. पण मग फोनचा पिन 1234 नको, जन्मसालही नको.

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका म्हणून एपीके फाइल येते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके हे ॲप आहे, आणि ते बसवलं की तुमचे एसएमएस, ओटीपीसकट, दुसऱ्याला दिसू शकतात. पाठवणारा सख्खा भाचा असला तरी उघडू नका, त्याला फोन करा. त्याचाच फोन आधी चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. कॉम्प्युटरवर हेच काम क्रॅक केलेली सॉफ्टवेअर करतात. हिशेबाचं महागडं पॅकेज कोणी 'फुकट टाकून देतो' म्हणाला तर नको म्हणा. त्यासोबत बरेचदा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा प्रोग्राम येतो, आणि तुम्ही आधीच उघडलेल्या खात्याची ओळखही तो चोरतो. मग पासवर्डाची गरजच राहत नाही.

आता तुमच्या मंडळाचं. पाच जणी एकच पासवर्ड वापरता आणि कार्यकारिणी बदलली तरी तो तसाच राहतो, असं तुम्ही लिहिलंय. यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. पाच फोनांपैकी एक बिघडला तरी मंडळाचं खातं जातं, आणि कोणाच्या फोनवरून गेलं ते कधी कळत नाही. बँकेत प्रत्येक सही करणारीचं वेगळं युजर आयडी घ्या. एकीने व्यवहार भरायचा, दुसरीने मंजूर करायचा, अशी सोय संस्थांच्या खात्यांना मिळू शकते, शाखेत विचारा. ई-मेल मात्र दोघींपुरताच ठेवा, अध्यक्ष आणि चिटणीस; बाकीच्यांना पत्रं पुढे पाठवता येतात. निवडणूक झाली की पदभार सोपवण्याच्या यादीत पावती पुस्तक, शिक्का यांच्यासोबत 'ई-मेलचा पासवर्ड, रिकव्हरी नंबर आणि बॅकअप कोड बदलले' अशी ओळ घाला आणि सह्या घ्या. रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायला दिलेला फोन नंबर, हमखास विसरला जातो. मी अशी संस्था पाहिली आहे जिचं ई-मेल दहा वर्षांपूर्वीच्या चिटणिसांच्या नंबराला जोडलेलं होतं, आणि ते आता हयात नव्हते.

त्यावरून घरचंही बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आणि काका दोघांनी मिळून एक बंद पाकीट करा: फोनचा पिन, मॅनेजरचा मुख्य पासवर्ड, ई-मेलचे बॅकअप कोड. ते दागिन्यांच्या ठिकाणी ठेवा आणि कुठे आहे ते मुलाला सांगा. गूगलमध्ये निष्क्रिय खात्याची सोय आहे: ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही निवडलेल्या माणसाला माहिती मिळते. ॲपलमध्ये वारसा संपर्क नेमता येतो. बँकेच्या पैशांसाठी पासवर्ड देऊन ठेवायची गरज नाही, तिथे नॉमिनी लावा. माणूस गेल्यावर त्याच्या लॉगिनने पैसे काढणं घरच्यांनाच अडचणीत आणतं.

तुमच्या मैत्रिणीला एवढं सांगा. नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून पासवर्ड बदला, 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हे दाबा, मग सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी बघा: रिकव्हरी नंबर आणि ई-मेल कोणी बदललाय का, पत्रं आपोआप दुसरीकडे पाठवायचा पत्ता लावलाय का, आणि बँकेची पत्रं थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर बनवलाय का. हा शेवटचा प्रकार चोर आवर्जून करतात, म्हणजे बँकेची सूचना तुम्हाला दिसतच नाही. पैसे गेले असतील तर एक क्षणही न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच पासवर्ड दिलेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. म्हणून कळवल्याची वेळ आणि एसएमएस जपून ठेवा. दुसऱ्याचा पासवर्ड फसवून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड. पोलीस स्टेशनवर कोणी 'पैसे गेले नाहीत ना, मग तक्रार कसली' म्हणालं तर हे कलम सांगा. तिच्या नावाने ज्यांना पैशांची मागणी गेली त्यांना तिने ई-मेलने न कळवता एकेकाला फोन करावा, वयस्कर नातेवाइकांना सर्वांत आधी.